भिंतीपलीकडची शिकवणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी आज सूनबाईला आडवं केलं. बाळ हातात येईपर्यंत खाटेवर पडून राहायचं, न्हाणीघरापुरतं उठायचं, खुर्चीत बसायचं नाही, जिन्याकडे तर बघायचंही नाही. मागच्या वर्षी एक गेलं. त्यावर आमच्या घरात कोणी बोलत नाही. मीही बोलत नाही, आणि मी तर सगळ्यावर बोलते. म्हणून यंदा डॉक्टरीणबाई म्हणतील ते वेदवाक्य.

आता पंचाईत अशी. खाली आमचा माग आहे. शर्टाच्या कॉलरला आतून नावाची पट्टी असते ना, लेबल, ते आम्ही विणतो. माग पोरगा चालवतो, तुटलेले धागे मी जोडते, कापणं आणि घड्या घालणंही माझ्याकडे. पण मागाला काय विणायचं ते सांगतो वरचा कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरला सांगते सूनबाई. ती आडवी झाली की माग उभा राहतो. शर्टवाल्याचे शर्ट लेबलांविना पडून आहेत. एवढं एकच गिऱ्हाईक आम्हाला धरून आहे, तेही चिडकं.

पोरगा म्हणाला, "मी बसतो कॉम्प्युटरवर." मी म्हटलं, "आणि खाली माग काय शर्टवाला येऊन चालवणार?" शिवाय तो मागे एकदा बसला होता तेव्हा की-बोर्डावर बुक्की मारून उठला होता. ह्यांचं म्हणाल तर ह्यांचे कान मागाने केव्हाच खाल्ले. ढोल वाजवला तरी "कोण आलंय?" म्हणतील.

सूनबाई म्हणाली, "मीच उठेन हो दिवसातून थोडा वेळ."

मी म्हटलं, "उठून तर बघ."

मग उरले कोण? मी. चौथी नापास.

पहिली आज्ञा तिने मला आजच केली: रोज काय शिकलात ते लिहून काढा, म्हणजे डोक्यात बसतं. म्हटलं वाचणार कोण? म्हणाली कोणी नाही. मग ठीक. खरं लिहीन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला होता. मीच बोलावला. म्हटलं बघू हा काही सोपं करून देतो का. त्याने आमच्या डब्याकडे असं बघितलं, जसं मी बाजारात शिळ्या भाजीकडे बघते.

"बाई, ह्यावर लिनक्स आहे. नवशिक्यांचं काम नाही हे."

"मग कोणाचं काम आहे?"

"आधी ठरवावं लागेल कोणतं लिनक्स. ढिगाने प्रकार आहेत. एकेकाचा स्वभाव वेगळा. मग एक जाडं पुस्तक आहे, ते पहिल्यापासून वाचायचं. नाहीतर सरळ नवा कॉम्प्युटर घ्या, चित्रंवाला. चित्रावर बोट ठेवलं की झालं."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "जे समोर आहे त्यानेच सुरुवात करायची, आई! निवडत बसलं की शिकणं राहून जातं."

तो मनुष्य भिंतीकडे बघत राहिला. मी म्हटलं, "ती आमची मास्तरीण. चहा घ्या आणि निघा."

तो गेल्यावर मी तिला विचारलं, "लिनक्स म्हणजे काय गं नेमकं?" ती म्हणाली, "युनिक्स नावाचं एक जुनं घराणं आहे. लिनक्स त्याच्या रक्ताचं नाही. बाहेरून आलेलं. पण चालीरीती, बोलण्याची पद्धत, सगळं वळण त्या घरचंच. एकाची सवय झाली की दुसऱ्याकडे गेलात तरी अडत नाही."

म्हटलं, "म्हणजे सासू आणि सून."

आतून खाट करकरली. मग म्हणाली, "हो. तसंच."

८ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिला धडा. तोही भिंतीपलीकडून. कॉम्प्युटरची खोली म्हणजे कोठीच, खुर्ची ठेवली की दार लागत नाही, तिथे खाट कुठली मावायला. आणि कॉम्प्युटर हलवावा तर त्याची जाडी वायर जमिनीतून खाली मागाला गेलेली. काल फोनवर पडदा दाखवायचा प्रयत्न केला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने अक्षरं शोधायची. फोन चहात पडला. तेव्हा ठरलं, ती आतून ओरडणार, मी इथून करणार.

आणि तेव्हाच मला कळलं की ती चित्रं का नको म्हणते. "वरच्या कोपऱ्यातल्या त्या ह्याच्यावर दाब" असं भिंतीतून सांगता येत नाही. शब्द सांगता येतो. शब्दाला भिंत आड येत नाही.

काळा पडदा. त्यावर एक चौकोन लुकलुकतो. बाकी काही नाही. मी म्हटलं, "हे बंद पडलंय."

"नाही, ते वाट बघतंय. आई, पहिली गोष्ट. काहीही करायच्या आधी विचारायचं, मी कुठे आहे. लिहा, पीडब्ल्यूडी."

मला तीन अक्षरं सापडायला इतका वेळ लागला की ती म्हणाली, "झोप लागली का?" त्यात की-बोर्डावर अक्षरं मोठी आणि पडद्यावर धाकटी उमटतात. हे कोणाच्या डोक्यातून निघालं? दोन्हीकडे एकच ठेवायला काय जात होतं?

पण उत्तर आलं. तिरक्या काठ्या आणि मध्ये नावं. ती म्हणाली हा पत्ता. गाव, गल्ली, घर, खोली. "आता दुसरी गोष्ट. इथे काय काय आहे? एलएस." मग जेवढं होतं तेवढं सगळं नावानिशी समोर. आणि तिसरी, सीडी, म्हणजे जा, आणि कुठे ते पुढे लिहायचं.

"बस्स?"

"बस्स. कुठे आहे, काय आहे, कुठे जायचं. आज एवढंच फिरा. कशाला हात लावू नका. मी ह्या घरात आले तेव्हा पहिले आठ दिवस हेच केलं होतं."

खरं आहे. तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी आळशी आहे, नुसती बघत फिरते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भांडण झालं. भिंतीशी.

तिने एक कमांड दिली, मी लिहिली, एंटर मारलं. काहीही नाही. पुन्हा मारलं. काहीही नाही. मी ओरडले, "हे उत्तर देत नाही!"

"म्हणजे झालं काम."

"झालं तर झालं म्हणायला नको?"

"याची रीतच ती, आई. सगळं नीट झालं की गप्प बसतं. चुकलं तरच बोलतं."

"हा काय स्वभाव झाला? माणसाने समजायचं कसं?"

आतून खुदकन आवाज आला. "सवय होते हो. मला झाली ना."

हिला कशाची सवय झाली ते विचारायचं राहिलं. खाली धागा तुटला होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज माझी एक गंमत उघडकीला आली, ती लिहायला लाज वाटते पण खरं लिहायचं ठरलंय.

मला इंग्रजी अक्षरं शाळेने शिकवली नाहीत. मागाने शिकवली. आमच्या मागावर लेबल पालथं विणतात, म्हणजे चांगली बाजू खाली, पाठ वर. मी वर्षानुवर्षं धागे जोडताना पाठ बघत आले. म्हणजे सगळी नावं उलटी, आरशातल्यासारखी. ती तशीच डोक्यात बसली.

तर पडद्यावरचं मी वाचून दाखवत होते आणि सूनबाई म्हणाली, "आई, बीच्या जागी तुम्ही डी म्हणताय का?"

"काठी आणि पोट. पोट कुठल्या बाजूला ते काय महत्त्वाचं?"

"महत्त्वाचं आहे हो! पोट पुढे असलं की बी. पोट मागे असलं की डी."

"म्हणजे तू आत्ता बी आहेस."

ती एवढी हसली की मला उठून जावं लागलं, म्हटलं पोटात दुखेल. हे खालून जिन्याशी येऊन उभे. ऐकू तर काही आलं नव्हतं, पण तिचा चेहरा बघून तेही हसायला लागले. ह्या घरात वर्षभर कोणी असं हसलं नव्हतं. कामाचा मात्र अर्धा तास गेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं लेबल मी पाठवलं. मी. शर्टवाल्याचं चित्र सूनबाईने फोनवर तयार करून कॉम्प्युटरवर धाडलं होतं, ते तिने सांगितलं तसं मागाच्या फोल्डरात नेलं, खाली माग खडखडायला लागला. जमीन थरथरली पायाखाली. रोजचीच थरथर, पण आज ती मी पाठवलेली होती.

ओरडून सांगितलं, "झालं गं!"

ती म्हणाली, "काही बोललं नाही ना? मग झालंच."

आणखी एक शिकले. कशाचाही अर्थ अडला की मॅन लिहायचं आणि पुढे तो शब्द. मग कॉम्प्युटर स्वतःच पान उघडून देतो. सगळं इंग्रजी. मी एकेक अक्षर वाचते, ती पलीकडून शब्द जुळवते आणि मराठीत सांगते. तिला दिसत नाही, मला कळत नाही. आंधळा आणि लंगडा मिळून जत्रेला निघालेत. पण काही शब्द मला आता भेटल्या भेटल्या ओळखू येतात. फाइल. कॉपी. नेम. ओळखीचा चेहरा बाजारात दिसावा तसं होतं.

१० मार्च, सोमवार

सूनबाईची एक खोड मला कळत नाही. काम नसताना हाक मारते. "आई, तिथे आहात ना?" आहे म्हटलं की म्हणते, "पीडब्ल्यूडी करा आणि वाचून दाखवा." म्हटलं कशाला, आत्ताच केलं होतं. तर म्हणते, "परत करा, सवयीसाठी." मी आपली वाचते, गाव, गल्ली, घर, खोली. मग ती गप्प. आज दुपारीच चार-पाच वेळा झालं. पोळ्या कधी लाटायच्या मी?

एकदा चिडून आत गेले की नेमकं काय चाललंय ते विचारावं. तर पोटावर दोन्ही हात ठेवून छताकडे बघत होती. म्हणाली, "आज सकाळपासून कमी हलतंय." मी म्हटलं, "झोपलं असेल. सगळी लेकरं काय तुझ्यासारखी अखंड जागी असतात का?" आणि तिथेच बसून भाजी निवडली. बाळाने संध्याकाळच्या आत लाथ मारली. मग एकदाही हाक नाही.

बघितलं ना, उगाच.

पण मी आता कोठीचं दार काढून ठेवायला सांगितलंय पोराला. तसंही ते लागत नव्हतंच. आवाज नीट पोचतो.

२२ मार्च, शनिवार

तीन नियम तिने पाठ करून घेतले. हात लावायच्या आधी कॉपी काढायची, आणि कॉपीचं नाव असं ठेवायचं की घाबरलेल्या माणसालाही सापडेल. जे कळलं नाही ते एंटर मारायचं नाही. आणि कुठे भरकटलात, काही उमगेनासं झालं, तर नुसतं सीडी लिहायचं, पुढे काही नाही. ते सरळ घरी आणून सोडतं.

"कुठूनही?"

"कुठूनही."

हे मला आवडलं. माणसांसाठी असं का नाही काही?

मग तिने "मी कोण" अशी एक कमांड शिकवली. लिहिलं, तर कॉम्प्युटर तिचं माहेरचं लाडाचं नाव दाखवायला लागला. म्हणजे इतके दिवस हा ठोकळा मला सूनबाई समजून माझं ऐकत होता! मी म्हटलं, "हे बरं नाही. ज्याचं काम त्याच्या नावावर." तेव्हा तिने पडल्या पडल्या एकेक शब्द सांगून माझं वेगळं खातं उघडून घेतलं. नाव काय ठेवायचं विचारलं. मी म्हटलं, "तुला मला जी हाक मारायची सवय आहे तेच ठेव."

आता विचारलं की तो म्हणतो, आई. गमतीगमतीत मी तीन वेळा विचारून घेतलं.

७ एप्रिल, सोमवार

आज वाईट दिवस. सकाळी सूनबाईने हाक मारली ती नेहमीची नव्हती. अंगावरून लाल गेलं होतं. पोराने तिला उचलून खाली नेलं, जिना बघायचा नाही म्हणत होत्या डॉक्टरीणबाई आणि तिला तर जिन्यावरूनच न्यावं लागलं. दवाखान्यात ठेवून घेतलंय. बाळाचे ठोके आहेत. निदान ठोके आहेत.

गाडीत चढवताना मला म्हणते, "आई, शर्टवाल्याचं नवं लेबल मी कालच करून ठेवलंय फोनवरून. फक्त पाठवायचंय."

मी म्हटलं, "तोंड मिट आणि जा."

चांगलं बोलायला हवं होतं. माझ्या तोंडाला ऐन वेळी तेवढंच येतं.

८ एप्रिल, मंगळवार

पोरगा दवाखान्यात, मी वर, हे मागावर. भिंतीपलीकडून काही नाही. मी सवयीने "झालं गं" म्हणून दोनदा ओरडले.

काम मात्र केलं. शर्टवाल्याने उद्या गाडी पाठवतो म्हटलंय. लेबल उघडून बघितलं तर सूनबाईची चूक! सगळी अक्षरं उलटी. बीचं पोट मागे. एवढी हुशार पोरगी, पण बिचारी दुखत असताना फोनवरून करणार ते किती नीट करणार? मागे एकदा तिने चित्र उलटवायची कमांड वाचून घेतली होती माझ्याकडून, ती मला आठवत होती. मॅन उघडून खात्री केली. नियमाप्रमाणे आधी कॉपी काढली. मग सरळ केलं आणि पाठवलं. तिला मी हे सांगणार नाही. उगाच मनाला लावून घेईल.

खाली गेले. माग चालू होता आणि काय सांगू, त्यावरचं लेबल मला घडाघडा वाचता आलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अडखळले नाही, बोट ठेवलं नाही. सरळ वाचलं. म्हटलं, बाई, शिकलीस हो. सूनबाईचे आभार मानावे तेवढे थोडे, हिने मला डोळे दिले.

मागापाशी ह्यांचं सगळं बोलणं हातांनीच. ह्यांनी माग थांबवून लेबल माझ्यापुढे धरलं. पालथं केलं, सुलटं केलं, परत पालथं केलं. मी म्हटलं, "हो, हो, छान आलंय!" ह्यांना ऐकू गेलं नसावं, कारण परत तेच करायला लागले. मी माग सुरू केला. ह्यांनी बंद केला. मी सुरू केला आणि ह्यांना चहा आणायला पाठवलं.

९ एप्रिल, बुधवार

मला कोणीतरी पायताणाने मारा.

सकाळी पोरगा दवाखान्यातून आला, अंघोळीआधी खाली डोकावला आणि एकदम ओरडला, "आई! हे उलटं विणलंय!"

म्हटलं, "काहीतरीच. मला सरळ वाचता येतंय."

"म्हणूनच! तुला पाठीवर सरळ वाचता आलं म्हणजे पुढून उलटं आलं ना!"

माग पालथं विणतो. जन्म गेला माझा त्या मागापाशी. म्हणूनच सूनबाई चित्र आधीच उलटवून ठेवते, आणि मी अक्कल पाजळून ते सुलटं केलं. चार अक्षरं नवी आली आणि आहे ती विद्या पळाली. आणि हे काल हातवारे करून तेच सांगत होते. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा माझी चूक दाखवायला धजला, आणि मी त्याला चहाला पाठवलं.

पोरगा मटकन पायरीवर बसला. म्हणाला, "संपलं. गाडी दुपारी येईल. हिला विचारू का फोन करून?"

मी म्हटलं, "तिला एक शब्द कळला तर तंगडी मोडीन तुझी. हे ऐकून ती उठून बसेल. तिला उठू द्यायचं नाही म्हणून तर मी म्हातारपणी पाटी हातात घेतली."

वर गेले. पडद्यावर भलतंच काहीतरी उघडं, कुठे होते तेच कळेना. आणि विचारायला भिंत मुकी. मग नुसतं सीडी लिहिलं. घरी आले. पीडब्ल्यूडी. मोठ्याने वाचून दाखवलं, रिकाम्या खोलीला. एलएस. तिथे माझी काढलेली कॉपी होती. तिला नाव मी "आधीचं" असं ठेवलं होतं, इंग्रजी अक्षरांत मोडकंतोडकं. घाबरलेल्या माणसाला सापडेल असं. सापडलं.

एंटर मारायच्या आधी खाली जाऊन ह्यांना वर आणलं. पडद्यावर बोट ठेवून विचारलं, असं? ह्यांनी लेबल पालथं करून दाखवलं आणि मान हलवली. मग मारलं.

कॉम्प्युटर काही बोलला नाही. एवढं बरं मला कोणाच्या गप्प बसण्याचं कधी वाटलं नव्हतं.

दुपारी गाडी आली तेव्हा मागावर अजून खडखड चालू होती. गाडीवाल्याला मी सांगितलं, काल मी गाढवपणा केला, आता बस आणि चहा पी. बसला. शर्टवाल्याचा फोन आला, ओरडला. मीही ओरडले. मग दोघंही दमलो. संध्याकाळी माल गेला.

उलटी लेबलं एका पोत्यात भरून ठेवलीत. टाकणार नाही. माझी जीभ फार लांब झाली की बघीन.

१० एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात गेले. लाल थांबलंय. ती पांढरीफटक पडलेली, पण बोलली आधी कामाचंच. "लेबल गेलं?"

"गेलं. सगळं छान झालं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काय बिघडलं?"

"काही नाही म्हटलं ना."

"आई, तुम्ही कधी छान म्हणत नाही. काय बिघडलं ते सांगा."

सांगितलं मग. ह्यांचे हातवारे करून दाखवले. ती हसली, हसू दाबायला उशी तोंडात धरली, शेवटी नर्स येऊन मलाच बाहेर काढायला निघाली. म्हटलं बाई, बसते गप्प.

नर्स गेली तशी ती एकदम बारीक आवाजात म्हणाली, "आई, भीती वाटते हो. मागच्या वेळीही असंच..." मला असल्या वेळी काय बोलतात ते येत नाही. येत असतं तर मागच्या वर्षीच बोलले असते.

मग ती म्हणाली, "पीडब्ल्यूडी करा ना."

इथे कुठला कॉम्प्युटर? पण म्हटलं, आजारी माणूस आहे, करावं. वाचल्यासारखं म्हटलं, "दवाखाना. दुसरा मजला. खिडकीकडची खाट. आई शेजारी."

"एलएस."

"उशी, पाण्याचा तांब्या, तू, बाळ, सलाइनची बाटली."

"परत."

परत म्हटलं. पाचव्यांदा म्हणत होते तेव्हा तिला झोप लागली. पोरगा दाराशी उभा होता, डोळे पुसत होता. दवाखान्यातल्या फिनेलचा वास त्याला लहानपणापासून सोसत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

सूनबाई घरी आली ते लिहायचं राहिलंच. खाटेवरच आहे, पण भिंतीला आवाज आलाय. काम इतकं की लिहायला होत नाही. शर्टवाल्याने ओळखीचं एक दुसरं गिऱ्हाईक पाठवलं. म्हणाला, "चूक केल्यावर आधी स्वतः सांगणारी बाई मी पाहिली नव्हती." न सांगून करते काय, माग ओरडत होता.

१३ मे, मंगळवार

काल मुलगी झाली. थोडी घाई केली तिने. बारीक आहे, पण रडली ती सबंध मजल्याला ऐकू जाईल अशी. ह्यांनी मला विचारलं, "रडली?" मी त्यांचा हात धरून तिच्या छातीवर ठेवला. त्यांना कळलं.

सूनबाई सुखरूप. देवा, मी तुझ्याशी वर्षभर बोलत नव्हते. आजपासून बोलते.

२६ मे, सोमवार

हे शेवटचे कागद. आता शिकायला लिहावं लागत नाही, बोटांना पाठ झालंय.

आज दुपारी बाळाने घर डोक्यावर घेतलं. सूनबाई एका हातात तिला धरून दुसऱ्या हाताने फोनवर शोधत होती. एकीकडे लिहिलंय असं धरा, दुसरीकडे लिहिलंय मुळीच धरू नका. पोरगा तिसरंच काहीतरी वाचून दाखवत होता. तिचेही डोळे भरले. "आई, मला काही येत नाही. कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही."

मला राग आला. म्हटलं, "ते पन्नास प्रकार ठेव बाजूला. समोर आहे तिच्याकडे बघ. आधी नीट बस, आपण कुठे आहोत ते तरी कळू दे. बसलीस? आता काय काय आहे ते बघ. ओलं आहे का? पोट रिकामं आहे का? कुठे काही टोचतंय का? कळल्याशिवाय काही करू नकोस."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं हिला फीट आली. मग खाली बघून तिने दुपटं सोडलं. कडेची शिवण काचत होती मानेला. दुपटं बदललं, बाळाला छातीशी घेतलं. रडणं थांबलं. घरात खालच्या मागाची खडखड तेवढी राहिली.

मी दारात उभी होते. तिने नीट केलं होतं सगळं. डोकं बरोबर धरलं होतं, हातही.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं?"

तर ही बया हसायलाच लागली, आणि हसता हसता रडायला. बाळंतिणीचं असं होतं म्हणतात. मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि धागे जोडायला खाली गेले.